ताडपत्रीची चौथी बाजू

गुरुवारी दुपारी मी आईबाबांकडे गेले तेव्हा बाबा इंजिनाच्या पोटात डोकं घालून बसले होते.

इंजिन म्हणजे आमची धुराची भट्टी. एक आडवं लोखंडी पिंप, त्याच्या एका टोकाला जरा खाली जोडलेली निखाऱ्यांची पेटी आणि दुसऱ्या टोकाला धुराडं. पेटीत लाकडी कोळसा पेटवायचा. त्याची धग आणि धूर पिंपातून सरकत जातो, जाळीवर ठेवलेलं मांस सात-आठ तास मंद शिजत राहतं आणि उरलेला धूर धुराड्यातून बाहेर पडतो. लांबून पाहिलं तर रुळांवरून उतरवून कुणीतरी आमच्या परसात आणून ठेवलेलं वाफेचं इंजिनच वाटायचं. बाबा निवृत्त झाले त्या वर्षी त्यांच्या कारखान्यातल्या वेल्डरकाकांनी ते बनवून दिलं होतं. परसात चार खांब आणि वर पत्रा, चारही बाजू उघड्या, अशी त्याची जागा. दर शुक्रवारी बाबा ते पेटवायचे आणि शनिवारी कोपऱ्यावरच्या हॉटेलात मांस पोचतं करायचे.

"कोण आहे?" पिंपातून घुमून आवाज आला.

"मी."

"मग उजेड अडवू नकोस."

मी बाजूला झाले. बाबा बाहेर आले तेव्हा त्यांचं नाक काळं झालं होतं आणि हातात तारेचा ब्रश होता. "धुराडं साफ केलं. मूठभर काजळी निघाली फक्त. म्हणजे तेही कारण नाही."

तीन आठवड्यांपासून हा घोळ चालला होता. इंजिन तापत नव्हतं. पिंपाच्या झाकणावर तापमानाची गोल तबकडी होती. तिचा काटा एकशे दहावर स्थिर राहायला हवा, पण तो ऐंशी-पंच्याऐंशीच्या पुढे सरकायला तयार नव्हता. बाबांनी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर कारणं लिहून काढली होती आणि एकेक खोडत चालले होते. राख साचून खालून हवा अडते का, म्हणून दर दोन तासांनी राख काढून झाली. कोळसा दमट आहे का, म्हणून पोतं उन्हात पसरून झालं. कोळशाची भुकटी चाळून काढली. पिंपातल्या तसराळ्यात गार पाण्याऐवजी उकळतं पाणी ओतून पाहिलं. झाकणाच्या फटीत दोरी ठोकली. धुराड्याची झडप तर ते कधीच बंद ठेवत नसत. धूर बाहेर गेला नाही तर हवा आत येत नाही आणि हवा आली नाही तर निखारा गुदमरतो, हे त्यांनी मला लहानपणीच शिकवलं होतं. बाबा तीस वर्षं बॉयलरवर होते.

आई चहा घेऊन आली. "झाली का शस्त्रक्रिया?"

"पेशंटला ताप नाही," बाबा म्हणाले.

"कसा नाही? गेल्या शुक्रवारी झाकणाला माझा हात लागला तर हा बघ." तिने मनगटाजवळचा लाल डाग माझ्यापुढे धरला. "आणि मागच्या शनिवारचं मांस हॉटेलवाल्याने परत पाठवलं. चामडं झालंय म्हणाला. करपलेलं मांस परत येतंय आणि हे म्हणतात भट्टी थंड."

"अगं, कमी तापावर जास्त वेळ ठेवावं लागलं, म्हणून सुकलं. साधी गोष्ट आहे."

"हाताला कळतं मला."

"हाताला काय कळतं? हाताला कळत असतं तर कंपनीने काटे कशाला बसवले असते?"

हे वाक्य आमच्या घरात इतक्या वेळा बोललं गेलं होतं की आई ते ओठ हलवून त्यांच्याबरोबर म्हणायची. कारखान्यात बाबांना काटेसाहेब म्हणत. नवीन माणसाने बॉयलरच्या नळीला हात लावून अंदाज सांगितला की बाबा त्याला दिवसभर सोडायचे नाहीत. मी तापाने फणफणले तरी ते माझ्या कपाळाला हात लावत नसत. थर्मामीटर काखेत ठेवून, घड्याळ हातात घेऊन, ते पलंगाच्या कडेला बसायचे. काटा म्हणेल ते खरं. माझ्यातही ते उतरलं आहे. मी एका छोट्या छापखान्यात मुद्रितं तपासते. छापलेल्या गोष्टीवर माझा विश्वास पटकन बसतो आणि जी छापलेली नाही तिच्याबद्दल मला शंका येते.

म्हणून मी फोन काढला आणि शोधलं. एक लांबलचक लेख सापडला. अशा भट्टीचं तापमान का चढत नाही, याची सगळी कारणं त्यात ओळीने दिली होती. मी वाचत गेले आणि बाबा कागदावर बोट ठेवून "झालं, झालं, तेही झालं" म्हणत गेले. मग एक कारण असं आलं की ते त्यांच्या कागदावर नव्हतं.

"वारा," मी म्हणाले. "वारा पत्र्याची धग खेचून नेतो. आडोसा करा म्हणतात."

बाबा उठले, इंजिनाभोवती एक फेरी मारली आणि ओलं केलेलं बोट हवेत धरलं. "वारा आहे खरा. हे माझ्या लक्षात कसं आलं नाही?"

"तुमचा बॉयलर बंद खोलीत असायचा, म्हणून."

"शाबास," ते म्हणाले. "वाचून फायदा होतो तो असा."

माळ्यावरून आम्ही ताडपत्री काढली. खांबांना तीन बाजूंनी बांधली. चौथी बाजू गुंडाळून वर पत्र्याच्या कडेला अडकवून ठेवली. गाठी बाबांनी मारल्या. माझ्या गाठी त्यांना पसंत नव्हत्या. "ही काय बुटाची नाडी आहे?"

आई दारात येऊन उभी राहिली. "सर्कस येणार आहे का?"

"आलीच आहे. वाघीण तेवढी कमी होती, तीही आली."

"वाघिणीला धूर चालत नाही," आई म्हणाली. "आणि तीन बाजू बंद करून उघडी ठेवलीत ती नेमकी माझ्या स्वयंपाकघराकडची. आता सगळा धूर माझ्याच पातेल्यात. ती पण बंद करा, नाहीतर मला दुसरं घर बघून द्या."

"दोन खोल्यांचं चालेल का?"

"तुम्ही नसलात तर एक खोलीसुद्धा पुरेल."

आम्ही तिघं हसलो. संध्याकाळी मी निघाले तेव्हा बाबा फाटकापर्यंत आले. उद्या काय होतं ते कळवतो, म्हणाले. मी हो म्हणाले. त्यांच्या नाकावरची काजळी अजून पुसलेली नव्हती आणि मीही सांगितलं नाही. म्हटलं, आईच्या लक्षात येईल आणि पुन्हा एक फेरी होईल.

शुक्रवारी सकाळी साडेदहाला छापखान्यात फोन आला. मी एका पाठ्यपुस्तकाचं शेवटचं मुद्रित तपासत होते. डाव्या हाताने फोन कानाला लावला. उजव्या हातातली पेन्सिल तशीच राहिली.

"तुझी ताडपत्री पास झाली," बाबा म्हणाले. "सहा डिग्री."

"वा!"

"पण आता एक्क्याण्णववर अडकलाय. पुढे जात नाही. दोनदा कोळसा घातला."

माझं बोट ओळीवर होतं. ओळीत एक वेलांटी चुकलेली होती, ती मला दिसली आणि मी ती दुरुस्त केली. मग म्हणाले, "मग चौथी बाजूपण सोडा ना खाली."

"चौथी?"

"थोडा वेळच. एकशे दहा झाले की उघडायची."

पलीकडे ताडपत्री फडफडल्याचा आवाज आला. "हं," ते म्हणाले. "त्या लेखात तसं आहे का?"

"आडोसा करा असंच आहे."

"बरं. बघतो. जेवलीस का?"

"बाबा, साडेदहा वाजलेत."

"मग वेळेवर जेव."

मी फोन ठेवला आणि पुढचं पान घेतलं.

दोन वाजता आईचा फोन आला. ती रडत नव्हती. ती म्हणाली, "अगं, हे उठत नाहीत." मी म्हणाले, म्हणजे काय? ती म्हणाली, "जेवायला हाक मारली तर ओ दिली नाही, म्हणून ताडपत्री वर करून पाहिलं. काट्यासमोर खुर्चीत बसलेत. हनुवटी छातीवर टेकलीय. मला वाटलं डुलकी लागली. चेहऱ्यावर रंग इतका छान आलाय त्यांच्या. पण उठत नाहीत."

तिने "उठत नाहीत" असं वर्तमानकाळात म्हटलं, ते माझ्या डोक्यात अडकून बसलं. रिक्षातून जाताना मी त्या क्रियापदाचाच विचार करत होते, बाबांचा नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

डॉक्टरांनी सांगितलं, कोळशाचा वायू. त्याला वास नसतो, तो दिसत नाही, डोकं जड होतं आणि माणूस बसल्या जागी झोपतो. तो गुलाबी रंग त्याचाच. डॉक्टर तरुण होते आणि हे सगळं त्यांनी हातातल्या कागदाकडे पाहत सांगितलं. आईने विचारलं, "पण त्यांना दुखलं का?" ते म्हणाले, नाही. मग आईने मान हलवली, जणू दुकानदाराने भाव सांगितला आणि तो तिला पटला.

नंतरचे दिवस मला सलग आठवत नाहीत. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, त्याच रात्री येऊन पोचला. सकाळी त्याने स्वयंपाकघरात उभ्या-उभ्या चहा घेतला आणि कप विसळून पालथा घातला. तो घरात कधीच कप विसळत नसे. मी त्या पालथ्या कपाकडे बघत बसले. माणसं येत होती, बसत होती, उठत होती. प्रत्येकजण एकच विचारायचा. "तीस वर्षं बॉयलरवर काढलेला माणूस. त्यांना माहीत नव्हतं का?"

त्यांना माहीत होतं. बॉयलरच्या खोलीत छताजवळ एक खिडकी होती. ती कुणी थंडीत लावून घेतली तर बाबा त्याला शिव्या घालत, हे मी स्वतः ऐकलं आहे. लहानपणी मी त्यांचा डबा घेऊन जायची तेव्हा ते मला आधी त्या खिडकीखाली उभं करायचे आणि मगच बोलायचे. त्यांना माहीत होतं, आणि तरी त्यांनी ताडपत्री खाली सोडली, कारण मी म्हटलं की लेखात तसंच आहे.

चौथ्या दिवशी दुपारी घरात कुणी जागं नव्हतं. मी फोन उघडला. तो लेख तसाच उघडा होता, गुरुवारी मी वाचायचं थांबले होते त्याच ओळीवर. मी बोटाने तो वर सरकवला. आडोसा एका बाजूने करावा, वाऱ्याच्या दिशेला. त्याखाली आणखी दोन कारणं. आणि अगदी शेवटी, वेगळ्या चौकटीत, ठळक अक्षरांत: भट्टी कोणत्याही परिस्थितीत बंदिस्त जागेत पेटवू नये.

माझी नोकरी शेवटच्या ओळीपर्यंत वाचण्याची आहे.

मी ती चौकट पुन्हा वाचली. त्यात मुद्रणाची एकही चूक नव्हती. हेसुद्धा माझ्या लक्षात आलं.

आईने मात्र आपल्यापुरता निकाल लावून टाकला होता. जो येईल त्याला ती सांगायची. "मीच म्हणाले होते हो. धूर माझ्या पातेल्यात येतो, ती बाजू बंद करा म्हणून. त्यांनी मनावर घेतलं. एरवी माझं एक ऐकायचे नाहीत, आणि हेच नेमकं ऐकलं." शेवटचं वाक्य ती दर वेळी त्याच शब्दांत म्हणायची, आणि ऐकणारा माणूस खाली बघायचा. मग ती उठून स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी जायची. ती खिडकी तिने घट्ट लावून घेतली होती. दार लावून, खिडकी लावून ती आत स्वयंपाक करायची आणि घामाने भिजून बाहेर यायची.

पहिल्या दिवशी मी बोलू शकले असते. पहिल्या दिवशी तिने ते एकदाच म्हटलं होतं. मला वाटलं, आत्ता नको, माणसं आहेत. दुसऱ्या दिवशी वाटलं, दादा झोपला की सांगेन. तिसऱ्या दिवशी तिने ते इतक्यांना सांगून झालं होतं की मी तोंड उघडलं असतं, तर मग इतके दिवस गप्प का होतीस, हाच प्रश्न आधी आला असता.

पाचव्या दिवशी दादाने विचारलं, "शेवटचं कुणाशी बोलले बाबा?"

"माझ्याशीच," आई म्हणाली. "अकरा वाजता चहा हवा का म्हणून विचारलं. आतूनच नको म्हणाले."

"आतून? म्हणजे तेव्हा ताडपत्री सोडलेली होती?"

"हो. मला बरं वाटलं रे. म्हटलं, चला, धूर बंद झाला."

दादा उठला. तो बाबांसारखाच उंच आहे आणि रागावला की खोली लहान होते. "तीन बाजूंनी काही होत नव्हतं, आई. एक बाजू उघडी होती. तेवढी उघडी राहिली असती तर! पण तुझी रोजची कटकट. धूर, धूर, धूर. तीन वर्षं त्या माणसाला तू परसातसुद्धा सुखाने बसू दिलं नाहीस."

आई मांडीवरचा पदर सरळ करत राहिली. नुसतं "खरं आहे" म्हणाली.

मी त्याच खोलीत होते. दोघांच्या मधोमध, सतरंजीवर. माझी जीभ टाळूला चिकटली होती, असं म्हणतात ते खोटं आहे. माझी जीभ अगदी मोकळी होती. मी म्हणाले, "दादा, आवाज कमी कर." एवढंच म्हणाले.

त्या दिवसापासून आईने बोलणं बंद केलं. येणाऱ्यांना काही सांगेना. जेवण वाढायची, पण स्वतः ताट घ्यायची नाही. हाताला धरून बसवलं तर दोन घास खायची आणि उठायची. माझ्याशीही ती फक्त मीठ, पाणी, टॉवेल एवढंच बोलायची.

बाराव्या दिवशी सकाळी वेल्डरकाका आले. ते रोज येऊन गेले होते, पण बाहेरच्या बाकावर बसून जायचे. आज त्यांच्या हातात हत्यारांची पिशवी होती. दादाने त्यांना फाटकातच गाठलं. "काका, बरं झालं आलात. हे लोखंड कापून न्या. उद्याच्या उद्या."

"नेतो," काका म्हणाले. "पण आधी मला ते पेटवून बघू दे."

"कशाला?"

"का म्हणजे? इंजिन मी बनवलंय. ते तापत नव्हतं म्हणून तुझ्या बापाने ताडपत्री बांधली ना? मग ते का तापत नव्हतं हे मला कळायला नको? माझा एखादा सांधा फुटला असेल, पत्रा पातळ पडला असेल. बारा दिवस झोप नाही रे मला. माझ्या हातचं काम आहे ते."

दादा बाजूला झाला. ताडपत्री त्याने पहिल्याच दिवशी ओरबाडून काढली होती. इंजिन चारही बाजूंनी उघड्यावर उभं होतं. काकांनी आधी सांधे पाहिले, बोटाने, मग आरशाच्या तुकड्याने. राखेची जाळी काढून ठोकली. धुराड्यात खालून बॅटरी मारली. "चकाचक आहे. धुराड्यातून माझं तोंड दिसतंय." मग त्यांनी निखारे पेटवले, झडप उघडली आणि आम्ही वाट बघत उभे राहिलो. पाऊण तास गेला. काटा बावन्नवर, साठवर, सत्तरवर आला आणि एक्क्याऐंशीवर थांबला.

"बघा," दादा म्हणाला. "हेच."

काकांनी कपाळावरचा घाम पुसला. तीन पावलं लांब उभं राहूनही त्यांचा चेहरा तांबडा झाला होता. त्यांनी इंजिनाकडे पाहिलं, काट्याकडे पाहिलं आणि मग हाताची मागची बाजू झाकणाजवळ नेली. झटकन मागे घेतली.

"हे एक्क्याऐंशी?" ते म्हणाले. "हे एक्क्याऐंशी असेल तर मी धोबी आहे."

मला आईच्या मनगटावरचा डाग आठवला.

काकांनी फडक्यात धरून तबकडी फिरवून बाहेर काढली. तिच्या मागची सळई काळ्या, चकचकीत थराने माखली होती. ती त्यांनी खरवडून पुसली. "वहिनी," त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून हाक मारली, "पातेलंभर पाणी उकळायला ठेवता का?"

आई दारात कधी येऊन उभी राहिली होती ते आम्हाला कळलं नव्हतं. ती आत गेली. थोड्या वेळाने आम्ही चौघं शेगडीभोवती उभे होतो. पाणी खळखळून उकळत होतं. काकांनी सळई पाण्यात धरली.

"किती व्हायला पाहिजे?" दादाने विचारलं. तो इंजिनिअर नाही, पण हे त्याला माहीत असणारच. त्याने उगाच विचारलं.

"शंभर," मी म्हणाले.

काटा चढला. पन्नास, साठ. मग हळू झाला. बहात्तरवर थांबला. काकांनी तबकडीला टिचकी मारली. बहात्तर. पाणी उडून त्यांच्या बोटांवर आलं तरी त्यांनी हात हलवला नाही. पाणी उकळत होतं, काटा बहात्तर सांगत होता आणि आम्ही आळीपाळीने दोन्हींकडे बघत होतो.

"काटा मेलाय," काका म्हणाले. "इंजिन तापत होतं. पहिल्यापासून तापत होतं. काही झालेलं नव्हतं त्याला. एकशे दहा होते रे, एकशे दहा! वर तो कोळसा घालत होता, घालत होता..." त्यांनी तबकडी ओट्यावर ठेवली आणि भिंतीला हात टेकला. "काटेसाहेब. आख्ख्या खात्यात एक माणूस काट्याची तपासणी दर सहा महिन्यांनी करून घ्यायचा. एक माणूस. आणि घरच्या काट्याला..."

त्यांनी हातातल्या फडक्याने तोंड पुसलं.

दादा खाली बसला. स्वयंपाकघराच्या फरशीवर, शेगडीला पाठ लावून. मोठ्या माणसाला असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "म्हणजे कशाचीच गरज नव्हती," तो म्हणाला. "ताडपत्रीची पण नव्हती."

आईने शेगडी बंद केली. फडकं घेऊन पातेलं उतरवलं, पाणी मोरीत ओतलं. वाफ वर आली आणि लावलेल्या खिडकीच्या काचेवर जमली. ती वाफेकडे बघत होती. आपण बरोबर होतो, हाताला कळलं होतं, मनगटाचा डाग अजून पुरता गेला नव्हता, हे तिला सुचलं असतं तर कुणी तिला दोष दिला नसता. पण सात दिवसांनी तिने तोंड उघडलं ते वेगळ्याच गोष्टीसाठी.

"म्हणजे तापमानासाठी नव्हतंच ते," ती म्हणाली.

"वहिनी?"

"भट्टी तर तापलेली होती. मग चौथी बाजू त्यांनी माझ्यासाठीच सोडली. धुरासाठी. मला जरा शंका होती, वाटायचं, कदाचित भट्टीसाठी असेल. आता तीही राहिली नाही." ती हे शांतपणे, हिशेब जुळल्यासारखं म्हणाली, आणि दादाकडे वळली. "तू बरोबर बोललास रे. मीच मारलं त्यांना."

दादाने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं की आपण बोललेलं त्याला परत घ्यायचं आहे आणि कुठून धरावं ते त्याला सापडत नाही. काका म्हणाले, "असं काय बोलता वहिनी, त्याला काटा कमी दिसत होता, त्याला कुठे माहीत होतं..." पण आई ऐकत नव्हती. ती ओट्याला दोन्ही हातांनी धरून उभी होती. तिची बोटं पांढरी पडली होती. मला एकदम लख्ख दिसलं की ही बाई आता असंच म्हणत जगणार. आणखी दहा वर्षं, पंधरा वर्षं. बंद खिडकीच्या आत. आणि मी दर गुरुवारी येऊन, तिच्या हातचा चहा घेऊन, ते ऐकणार.

मी तिचा हात ओट्यावरून सोडवला. सहज सुटला नाही. एकेक बोट सोडवावं लागलं.

"आई, माझ्याकडे बघ."

तिने पाहिलं.

"शुक्रवारी साडेदहाला बाबांचा मला फोन आला होता. काटा एक्क्याण्णववर अडकलाय म्हणाले. तू धुराचं बोललीस त्याचा त्यांनी उल्लेखसुद्धा केला नाही. चौथी बाजू सोडा असं मी सांगितलं. त्यांनी विचारलं, लेखात तसं आहे का, आणि मी हो म्हणाले. मी लेख शेवटपर्यंत वाचला नव्हता, आई. तू नाही. मी सांगितलं त्यांना."